क्यूबन सिगार: मोन्तेक्रिस्तो ४ नंबरची पेटी कुठेच मिळेना, मदत हवी आहे

शेखर_के

दोन महिने झाले, चार दुकानं पालथी घातली. प्रत्येक जण म्हणतो पुढच्या खेपेला येईल. पुढची खेप येते आणि त्यात भलत्याच सिगार असतात. मला मोन्तेक्रिस्तो ४ नंबरच हवी आहे, पंचवीसची पेटी. १० जानेवारीला काकांची पंचाहत्तरी आहे, त्यांना द्यायची आहे. डिसेंबरात आठवडाभर क्यूबात वरादेरोला जाणारच आहे. तिथे नक्की मिळेल का? किती स्वस्त पडेल? की तिथेही हीच बोंब आहे? जरा लवकर सांगा, तिकडे निघायला तीनच आठवडे आहेत.

वाटसरू

आधी हे सांगा, तुम्ही राहता कुठे? 'चार दुकानं' म्हणजे मुंबईतली, दुबईतली की आणखी कुठली? त्यावर निम्मं उत्तर अवलंबून आहे.

डॉ_अनु

पंचाहत्तरीच्या माणसाला सिगार भेट देऊ नका, ही कळकळीची विनंती. धूर आत घेत नाही म्हणून सिगारने काही होत नाही, असं लोक धरून चालतात. तोंड, घसा, अन्ननलिका, तिन्हीकडच्या कॅन्सरचा धोका सिगारनेही वाढतो. मी असे पेशंट पाहते. चांगलं घड्याळ द्या, प्रवासाला पाठवा.

शेखर_के

टोरांटोत राहतो. लिहायचं राहिलं.

डॉक्टर, तुमचा मुद्दा मान्य आहे. काका तेहतीस वर्षं मर्चंट नेव्हीत होते. आता वर्षाला दोन ओढतात, एक लक्ष्मीपूजनाच्या रात्री आणि एक वाढदिवसाला. उरलेल्या ते जुन्या सोबत्यांना वाटतात. कुठलीही सिगार चालणार नाही, याचं कारणही तेच आहे. लहानपणी ते बोटीवरून घरी आले की बॅगेत ती पिवळी पेटी असायची. सहा तलवारींचा त्रिकोण, मधे फूल. पेटी रिकामी झाली की मला मिळायची आणि मी तिच्यात गोट्या ठेवायचो. कॅनडात सरकारच्या नियमामुळे सिगार साध्या तपकिरी वेष्टनात विकाव्या लागतात, सिगारवरची पट्टीसुद्धा तपकिरी. इथे मिळाली असती तरी ती पेटी काही मिळाली नसती. म्हणून क्यूबातूनच आणायची आहे.

प्रसाद_डी

क्यूबनचा नाद सोडा. मेलिसा वादळात तिथला सगळा तंबाखू गेला, आता दोन-तीन वर्षं काही येत नाही. निकाराग्वाच्या सिगार घ्या, एस्तेलीच्या. तिकडचे बरेच कारखाने क्यूबातून बाहेर पडलेल्या घराण्यांचेच आहेत. ओढायला एकसारख्या, जळतात सरळ, दुकानात बारा महिने मिळतात. मी सहा वर्षांपूर्वी क्यूबन सोडली ती सोडलीच. पाचातल्या दोन ओढताच यायच्या नाहीत, इतक्या घट्ट वळलेल्या असायच्या.

जिनिव्हावाला

प्रसाद, मेलिसाचं चुकतंय. ते वादळ ऑक्टोबर २०२५ मध्ये बेटाच्या पूर्वेला, सांतियागोच्या बाजूला आलं. सिगारचा नामांकित तंबाखू होतो पश्चिम टोकाला, पिनार देल रिओ प्रांतात. वुएल्ता आबाहो म्हणतात तो भाग, आणि त्यातही सान लुईस आणि सान हुआन इ मार्तीनेस ही दोन गावं. त्यांचं कंबरडं मोडलं ते इयान वादळाने, २७ सप्टेंबर २०२२ ला.

'तंबाखू गेला' म्हणणंही अपुरं आहे. इयान आलं तेव्हा शेतात पीक नव्हतंच. तिथे रोपं लावतात ऑक्टोबरपासून आणि पानं खुडतात जानेवारी ते मार्च. वादळाने पाडली ती पानं वाळवायची लाकडी घरं. 'कासा दे ताबाको' म्हणतात त्यांना. हजारोंनी पडली. त्यांच्याविना पीक काढून करायचं काय? पानं आत काठ्यांवर दोरीने ओवून दीड-दोन महिने टांगतात, हिरव्याची पिवळी आणि पिवळ्याची तपकिरी होतात. मग आंबवणं, मग गासड्या बांधून मुरवणं. जाडसर, कडक पानाला, म्हणजे लिगेरोला, यात दोन वर्षं सहज जातात. तेव्हा २०२२ चा फटका दुकानात कधी दिसणार? २०२४-२५ मध्ये. शेखर यांना जे रिकामं फडताळ दिसतंय, त्यातलं बरंचसं हेच आहे.

मी तिथे २०१९ मध्ये गेलो होतो आणि पुन्हा २०२४ मध्ये. दुसऱ्या खेपेला सान लुईसजवळ एका शेतकऱ्याने नव्याने उभं केलेलं घर दाखवलं. जुन्या घराच्या वाशांतून जे वाचलं त्यातून बांधलेलं, पहिल्याच्या जेमतेम निम्मं. खिळेसुद्धा जुने, ठोकून सरळ केलेले. तो म्हणाला, शेत तेवढंच आहे, पण टांगायला जागा नाही म्हणून रोपं कमी लावतो. खत वेळेवर नाही, पंपाला डिझेल नाही. सिगारच्या बाहेरच्या पानासाठी शेतावर पांढरं कापड ताणून सावली करावी लागते, ते कापडसुद्धा पुरेसं येत नाही.

प्रसाद_डी

वादळाचं नाव चुकलं, मान्य. पण माल नाही हे तर तुम्हीही म्हणताय. मग दोष सगळा निसर्गाचा कसा? सिगारचा धंदा करणारी आबानोस कंपनी, निम्मी क्यूबा सरकारची आणि निम्मी बाहेरच्या गुंतवणूकदारांची. २०२३ ची विक्री ७२ कोटी १० लाख डॉलर. २०२४ ची ८२ कोटी ७० लाख. माल नाही तर विक्री वाढते कशी?

जिनिव्हावाला

भाव वाढवून. २०२२ मध्ये कोहिबा आणि त्रिनिदाद या दोन महागड्या नावांचे भाव जगभर हाँगकाँगच्या पातळीला नेऊन ठेवले. काही ठिकाणी एका रात्रीत दुप्पट-तिप्पट झाले. बाकीच्या नावांचेही नंतर चढत गेले. आणि पैशाच्या हिशेबात आज सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक चीन आहे. महागाच्या सिगार तिकडे जातात. ४ नंबर ही रोजच्या ओढणाऱ्याची सिगार, लहान आणि त्यांच्यात स्वस्त. चांगलं पान थोडंच असेल तर ते आधी कुठल्या सिगारला जाणार, तुम्हीच सांगा.

शेखर, म्हणून 'तिथे किती स्वस्त' हा विचार डोक्यातून काढा. थोडी कमी पडेल, पूर्वीसारखी पाण्याच्या भावात नाही.

वळणाऱ्या माणसांचंही ऐका. त्यांना तोर्सेदोर म्हणतात. नऊ-दहा महिने शिकल्याशिवाय टेबलावर बसवत नाहीत. समोर लाकडी फळी, हातात चाव्हेता, म्हणजे मूठ नसलेलं अर्धगोल पातं. आतली पानं मुठीत दुमडून घ्यायची, धूर जायला मधे वाट राहील अशी. त्यावर बांधणारं पान, साच्यात दाबणं, आणि शेवटी बाहेरचं पान, सुरकुती न पडू देता. चांगला हात दिवसाला शंभराच्या आसपास वळतो. प्रसादना घट्ट सिगार मिळाल्या, त्या दुमडण्यातच फसलेल्या असतात. गेल्या चार-पाच वर्षांत क्यूबातून दहा लाखांच्या वर लोक देश सोडून गेले. त्यात हे हातही गेले.

निपाणकर

धागा वाचून राहवलं नाही. आमची आई निपाणीत विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, एका हातात कातर. दिवसाला हजार. आदल्या रात्री पान भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवायची. ते चुकलं तर सकाळी पान तडकायचं आणि कारखान्यात विड्या बाद व्हायच्या, म्हणजे मजुरी गेली. तुमच्या तोर्सेदोरचं वाचताना तिचा अंगठा डोळ्यांपुढे आला. शेतकऱ्याचंही तेच, भाव दुसराच ठरवणार. १९८१ ला शरद जोशींच्या वेळी आमच्याकडे तंबाखूसाठी रस्ता अडवला, ते मी लहानपणी पाहिलंय. क्यूबात शेतकऱ्याला काय मिळतं?

जिनिव्हावाला

पिकाचा नव्वद टक्के भाग सरकारला, सरकारी भावाने. दहा टक्के स्वतःला ठेवता येतो. त्याच्या तो सिगार वळतो आणि पर्यटकांना विकतो. तिकडच्या विन्यालेस गावी जाल तर पट्टी नसलेल्या मिळतील त्या ह्याच. बऱ्या असतात.

तुमच्या आईंबद्दल लिहिलंत म्हणून सांगतो. तिथल्या कारखान्यात कामाच्या वेळी एक जण उंच खुर्चीवर बसून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतो, सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. एकोणिसाव्या शतकापासूनची पद्धत. मोन्तेक्रिस्तो हे नावसुद्धा त्या वाचनातूनच आलं.

निपाणकर

आमच्याकडे बायका जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या वळताना. वाचून दाखवणारं कोणी असतं तर आई शिकली असती.

मधुरा_टी

सगळे तंबाखूत शिरलात, पण एक मूळ प्रश्न कोणी विचारला नाही. शेखर, वरादेरोहून टोरांटो, आणि मग भारतात कुठल्या मार्गाने जाणार?

शेखर_के

टोरांटो–नेवार्क–मुंबई. तिकीट सप्टेंबरातच काढलंय. का?

मधुरा_टी

मग पेटी नेऊ नका. काही झालं तरी नेऊ नका. क्यूबन तंबाखू अमेरिकेत नेता येत नाही. बंदी १९६२ पासूनची आहे. मधे ओबामांच्या काळात स्वतःपुरत्या नेता यायच्या, ती सवलत सप्टेंबर २०२० मध्ये काढून घेतली. 'मी तर फक्त विमान बदलतोय' चालत नाही, अमेरिकेत बाहेर न पडता नुसतं पुढे जाण्याची सोयच नाही. आणि टोरांटोहून जाताना अमेरिकेची तपासणी टोरांटोच्या विमानतळावरच होते, म्हणजे पेटी टोरांटोतच जाईल. चेक-इन बॅगेत टाकलीत तरी नियम तोच.

पेठकर

मी २०२३ मध्ये शिकागोवरून आठ आणल्या होत्या. कोणी विचारलंही नाही. एवढं घाबरवू नका माणसाला.

मधुरा_टी

तुम्हाला विचारलं नाही हे तुमचं नशीब. त्यांच्याकडे एकच पेटी असणार आहे आणि एकच १० जानेवारी. फॉर्मवर खोटं लिहायला सांगताय का तुम्ही? इमिग्रेशनच्या खिडकीत उभं राहिल्यावर ते किती महागात पडतं ते मी जवळच्या माणसाच्या बाबतीत पाहिलंय.

जिनिव्हावाला

मधुराताईंचं शंभर टक्के बरोबर. मलाच हे आधी विचारायला हवं होतं.

शेखर, तिकीट बदला. युरोपवरून जा, फ्रँकफर्ट किंवा लंडन. बाकीचा हिशेब जुळतो. क्यूबातून बाहेर नेताना मूळ बंद पेटीत, होलोग्रामसकट, पन्नासपर्यंत चालतात. सुट्या वीस. पावती तरीही जपा. कॅनडात अठ्ठेचाळीस तास बाहेर राहून आलात तर पन्नास सिगार करमुक्त. भारतात पंचवीस, म्हणजे तुमची एक पेटी नेमकी बसते. सव्विसावी नेऊ नका, आणि सोबत विमानतळावरची सिगारेटची पाकिटंही घेऊ नका, मर्यादा तंबाखूची एकत्रच मोजतात.

आता मिळेल का. खात्री देत नाही. सरकारी दुकानात किंवा हॉटेलातल्या दुकानातच घ्या. अख्खी पेटी नसली तर पाचाची पुठ्ठ्याची पाकिटं असण्याची शक्यता जास्त. कार्ड न्या, रोख बहुधा घेत नाहीत, आणि ते अमेरिकन बँकेचं नको, चालणार नाही. पहिल्याच दिवशी दुकानात जा. शेवटच्या दिवशी गेलात आणि वीज नसली तर दुकान बंद.

वाटसरू

आणि रस्त्यावर कोणी गाठलं तर हात जोडा. 'माझा मेव्हणा कारखान्यात आहे, आज सहकारी संस्थेचा खास दिवस, अर्ध्या किमतीत' हे ठरलेलं वाक्य आहे. मी हवानात त्याला फसलो. पेटी देखणी, पट्ट्या देखण्या, आणि घरी येऊन एक उभी कापली तर आत तुकडे, कारखान्यात खाली पडतात तसला चुरा, मधे केळीच्या सालीसारखं काहीतरी. हातवळणीच्या मोन्तेक्रिस्तोत पान अखंड, टोकापासून टोकापर्यंत असतं.

पेटी पाहताना डावीकडे वर हिरवी-पांढरी मोहोर लागते, तिच्यावर बारकोड असतो, तो कंपनीच्या साइटवर तपासता येतो. पेटी उलटी करा. खाली लाकडात डागलेली अक्षरं बोटाला खोल लागली पाहिजेत, आणि शेजारी शाईचा शिक्का, कारखान्याची खूण, स्पॅनिश महिन्याची तीन अक्षरं आणि साल. काचेचं झाकण असलेली पेटी दिसली तर सरळ पुढे चला.

प्रसाद_डी

एवढा खटाटोप करण्यापेक्षा एस्तेलीची पेटी टोरांटोत आज मिळते, हे मी पुन्हा सांगतो.

शेखर_के

प्रसाद, मनापासून आभार, पण काकांना तीच पेटी द्यायची आहे.

मधुराताई, तुमचा प्रतिसाद वाचून अर्धा तास सुन्न बसलो होतो. विमान कंपनीला फोन केला. फ्रँकफर्टवरून मिळालं, वरचे पैसे भरले. एवढंच आता विचारायचंय. १४ डिसेंबरला टोरांटोत परत येणार, ४ जानेवारीला निघणार. तीन आठवडे पेटी घरी नुसती कपाटात ठेवली तर चालेल ना? आणि पुढे दादरला?

जिनिव्हावाला

कपाटात अजिबात नको. टोरांटोच्या थंडीत हीटर चालू असताना घरातली हवा कोरडीठाक असते, आठवड्यात बाहेरचं पान तडकेल. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, पेटी मावेल असा, आणि त्यात पासष्ट टक्क्यांची आर्द्रतेची पुडी टाका. सिगारच्या दुकानात मिळते. मोहोर फोडू नका. दादरला जानेवारीत तोच डबा, सावलीच्या खोलीत. फ्रिजमध्ये नको, तो ओल शोषून घेतो. मार्चनंतर मात्र काकांना सांगा, चोवीस अंशांच्या वर फार काळ गेल्या तर तंबाखूचा किडा उठतो, पानाला टाचणीएवढी भोकं पडतात.

निपाणकर

भिजवलेलं फडकं डब्यात ठेवू नका, बुरशी येते. आईने एकदा केलं होतं, अख्खं पुडकं टाकावं लागलं.

वाटसरू

शेखर, दुकानात असाल तेव्हा पैसे देण्याआधी पेटीच्या चारी बाजूंचे आणि बुडाचे फोटो इथे टाका. तिथे इंटरनेट रडतखडत चालतं, बारकोड मी इथून तपासतो. आमच्याकडे तेव्हा रात्र असेल, पण मी जागा असेन.