प्रतिसाद: पाणी अडवलं, पण वापराचं काय?

बंधारे, शेततळी होऊनही फेब्रुवारीत टँकर का, असा प्रश्न वर आलाय. अडवण्यावर सगळे बोलतात, उपशावर कुणी नाही. बंधाऱ्याचं उद्घाटन होतं, बोअरबंदीचं कोण करणार!

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात शेतीसाठी बोअरवेलला बंदी आहे आणि ऊस-केळी नाही. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात. आधी माणसं-जनावरांचं पिणं, मग पिकं. पाऊस कमी तर त्या वर्षी पिकांनाच कात्री.

त्याआधीचा, मला जास्त धाडसी वाटणारा प्रयोग पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्याचा. १९७२ च्या दुष्काळानंतर उद्योजक विलासराव साळुंखे यांनी तिथल्या नायगावात पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर. माणशी अर्ध्या एकरापुरतं. भूमिहीनालाही वाटा, उसाला मात्र नाही. जमीन विकली म्हणून पाण्याचा हक्क विकला जात नव्हता. खरा वाद इथेच आहे: माझ्या विहिरीचं पाणी माझं की गावाचं? आपल्याकडे विहीर मालकाची आणि तिच्याखालचा झरा सगळ्यांचा, हे ग्रामसभेत म्हणून बघा. निम्मी सभा उठून जाईल. सरपंचाला तर पुढची निवडणूकही दिसत असते.

तुमच्या गावात पाणलोटाच्या कामानंतर नवीन बोअर किती पडले, हेही लिहा.