शब्दचर्चा : 'विधिसंघर्षग्रस्त बालक' आणि त्याचा 'मेंटॉर'

प्रश्न :
नव्या स्वयंसेवकांसाठी मराठीत माहितीपत्रक करते आहे. बाल न्याय मंडळासमोर आलेल्या मुलाला दर आठवड्याला भेटायचं, घरच्यांशी बोलायचं, शाळेत पुन्हा नाव घालायला सोबत जायचं, असं काम. दोन शब्दांवर अडले आहे. 'बालगुन्हेगार' लिहायचं नाही हे पक्कं, पण कायद्यातला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' (गुन्हा केल्याचा आरोप असलेलं किंवा तसं आढळलेलं मूल) आलं की वाचणारा पहिल्याच ओळीत ठेचकाळतो. आणि 'मेंटॉर'ला काय म्हणू? सगळे 'मार्गदर्शक' सुचवतात, मला तो पटत नाही.

प्रतिसाद :
'ग्रस्त' म्हणजे ग्रासलेला. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, तसाच हा. शब्द जिभेला जड आहे, पण मुलाच्या बाजूचा आहे. बातम्यांत हल्ली 'विधिसंघर्षित' दिसतो. त्यात मूल कुठेतरी सापडलंय ही छटा पार जाते. मी 'ग्रस्त' सोडणार नाही.

प्रतिसाद :
ताई, कायद्यातलं नाव पत्रकात एकदाच द्या, पुढे सरळ 'मुलगा', 'मुलगी'. २०१५च्या बाल न्याय अधिनियमाचं कलम ३ च सांगतं, की मुलाबद्दलच्या कामकाजात आरोप करणारी भाषा नको. आधीच्या कायद्याखालच्या २००७च्या आदर्श नियमांत तर वर्ज्य शब्दांची यादीच दिली होती : अटक, रिमांड, आरोपी, आरोपपत्र, खटला, समन्स, तुरुंग वगैरे. म्हणून मुलाची 'चौकशी' होते, 'खटला' चालत नाही. त्याला 'अटक' होत नाही, 'ताब्यात घेतात'. (यादीत कस्टडीही होती. मराठीतला 'ताबा' कसा सुटला, देव जाणे.) बाकी 'निरीक्षणगृह' (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात ते) फक्त पाटीवर. बोलताना सगळे 'रिमांड होम'च म्हणतात, आत राहून आलेली मुलंसुद्धा.

आता मेंटॉर. मी परिविक्षा अधिकाऱ्यांबरोबर (प्रोबेशन ऑफिसर) बरंच काम केलंय, त्यावरून सांगतो. मूल पहिल्यांदा मंडळासमोर आलं की पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. त्याच्या नमुन्यात सवयी, मित्रमंडळी, शाळा सोडण्याचं कारण, अशा जागा भरायच्या असतात. हाताशी ढीगभर प्रकरणं असली की मित्रमंडळीपुढे 'वाईट संगत' एवढंच पडतं. एका मुलाला पुढे एका स्वयंसेवकाने तेच निवांत विचारलं, तर त्याने तीन नावं घेतली. त्यातल्या एकाची आजी त्याला रोज जेवू घालत होती! अधिकाऱ्याला हे सांगितलं नाहीस का, तर म्हणे, 'ते लिहून घेतात.'

मोठ्यांची वाटणी ही मुलं अशीच करतात : लिहून घेणारे आणि न घेणारे. तुमचा शब्द दुसऱ्या गटातला हवा. 'समुपदेशक' अहवाल देतो, 'परिविक्षा अधिकारी' तर देतोच. 'पालक' आणि 'योग्य व्यक्ती' (मुलाला सांभाळायला लायक ठरवलेली व्यक्ती) हे दोन्ही कायद्याने अडवलेत, कारण मंडळ मुलाला यांच्या देखरेखीखाली चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडू शकतं. 'पालकमित्र' वगैरे केलंत तर घोटाळा होईल.

प्रतिसाद :
'मार्गदर्शक' मलाही नको. त्यात एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने मान डोलवायची. नुसत्या सदिच्छेवर भिस्त ठेवणाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्समधला केंब्रिज-सॉमरव्हिल प्रयोग जरूर पाहावा. १९३९ ते १९४५ या काळात तिथे मुलांना समुपदेशक दिले, शिकवण्या दिल्या, उन्हाळी शिबिरांना पाठवलं. संशोधक जोन मॅकॉर्ड यांनी तीसेक वर्षांनी त्यांचा माग काढला, १९७८ मध्ये निष्कर्ष छापले. मदत मिळालेली मुलं न मिळालेल्यांपेक्षा सरस ठरली नाहीत, काही बाबतींत उलट मागेच होती. तेव्हा पत्रकात 'मुलांना सुधारणे' हे क्रियापद कुठेही येऊ देऊ नका. तेवढं वचन कुणाला देता येत नाही.

प्रतिसाद :
पत्रकावर मुलांचे फोटोही नकोत. त्याच २०१५च्या अधिनियमाचं कलम ७४. नाव, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीच छापता येत नाही.

प्रतिसाद :
'पाठीराखा' कसा? भावासाठी वापरतातच आपल्याकडे.

प्रतिसाद :
गोड आहे, पण पाठीराखा बाजू घेतो. मुलाने पुन्हा काही केलं, तर स्वयंसेवकाने काय करायचं? तिथे तो शब्द अडचणीत आणेल. शिवाय नेत्यांच्या पाठीराख्यांनी त्याची रया घालवली आहे. 'सोबती' घ्या. तारखेला सोबत, दाखला काढायला सोबत. मुलं दादा नाहीतर ताईच म्हणणार आहेत, ते वेगळं.

प्रश्नकर्ती :
'सोबती' ठरलं. 'विधिसंघर्षग्रस्त' पहिल्या परिच्छेदात एकदा, अर्थासकट. आता शेवटचं : अठरा पूर्ण झाल्यावर संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना जो आधार मिळतो, त्याला सरकारी शब्द 'अनुरक्षण'. कुणाला कळेल का हो हा?

प्रतिसाद :
नाही कळणार. पंख्याची डागडुजी वाटते. अर्जावर 'अनुरक्षण'च लिहावं लागेल, नाहीतर कागद परत येईल. पत्रकात 'संस्थेतून बाहेर पडल्यावरची मदत' लिहा, आणि ती साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकते हे ठळक छापा. अनेक मुलांना तेच ठाऊक नसतं.