जुना ५० इंची फुल एचडी प्लाझ्मा घ्यायचा विचार आहे, काय काय तपासू?

काजळरेघ
नमस्कार. ओळखीचं एक कुटुंब घर बदलतंय, त्यांचा ५० इंची प्लाझ्मा टीव्ही त्यांना नव्या घरात न्यायचा नाही. २०११ चं मॉडेल, फुल एचडी, तीन एचडीएमआय. शनिवारी संध्याकाळी बघायला बोलावलं आहे.

मी रात्री सगळं आवरलं की दिवे मालवून सिनेमे बघते, त्यातही जुने कृष्णधवल जास्त. सध्याच्या एलसीडीवर काळोखाचा प्रसंग आला की अख्खा पडदा करडा दिसतो आणि कोपऱ्यांतून उजेड झिरपतो. फार वर्षांपूर्वी एका मैत्रिणीकडे प्लाझ्मावर एक सिनेमा पाहिला होता. अंधाऱ्या जिन्यावरून एक माणूस उतरत होता. त्याच्या काळ्या कोटाच्या चुण्या दिसत होत्या आणि भोवतीचा काळोख खरोखर काळा होता. ते अजून विसरले नाही.

अडचण अशी की दिवसा हाच टीव्ही आई बघते. बातम्यांची एकच वाहिनी, रोज पाच-सहा तास. खाली सरकती पट्टी, वर कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह, आणि अशा एका जागी राहणाऱ्या गोष्टींचा प्लाझ्मावर ठसा उमटतो असं ऐकलंय.

माहितीपत्रकात ६०० हर्ट्झ आणि २०,००,०००:१ कॉन्ट्रास्ट (उजेड आणि काळोख यांतला फरक) लिहिलंय. यावर किती विसंबायचं? आणि आतला गॅस कालांतराने संपतो हे खरं का?

उघडाडोळा
घेऊ नका असं सुचवेन. पायोनियरने २००९ मध्येच टीव्हीच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं, पॅनासोनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्माचं उत्पादन थांबवलं, सॅमसंग आणि एलजी २०१४ मध्ये थांबले. पॅनल (पडद्याचा काचेचा मुख्य भाग) गेलं तर नवं मिळणार नाही. काळा रंग हवा असेल तर ओएलईडी बघा. त्यातही प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि पूर्ण विझतो. शिवाय ४के (फुल एचडीच्या चौपट बिंदू) आणि एचडीआर (उजेड-काळोखाचा जास्त मोठा पल्ला) मिळेल, घरगुती आकाराच्या प्लाझ्मात ते कधी आलंच नाही.

दुरुस्तीवाला
काजळरेघताई, मी बावीस वर्षं टीव्ही दुरुस्त करतोय आणि माझ्या स्वतःच्या घरात आजही ५० इंची प्लाझ्मा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी गॅसचं. पॅनल म्हणजे दोन काचांमध्ये कोंडलेल्या लाखो बारीक खोल्या. आत निऑन आणि झेनॉन. वीज खेळवली की त्यातून अतिनील किरण निघतात आणि खोलीच्या भिंतीवरचा लाल, हिरवा किंवा निळा फॉस्फर (प्रकाश देणाऱ्या रसायनाचा थर) उजळतो. काचांच्या कडा बंद केलेल्या असतात. गॅस वापरून संपत नाही आणि भरताही येत नाही. भरून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्या हाती टीव्ही देऊ नका. झिजतो तो फॉस्फर, आणि तुमच्या खरेदीचा सगळा प्रश्न या झिजेचाच आहे.

६०० हर्ट्झ हा आकडा खोटा नाही, पण एलसीडीच्या १२० किंवा २४० शी त्याची तुलना होत नाही. प्लाझ्माच्या खोलीला अर्धवट उजळता येत नाही, ती एक तर पेटते किंवा विझते. म्हणून एका चित्राच्या वेळात तिला कमीजास्त लांबीच्या दहा हप्त्यांत पेटवतात आणि त्यांची बेरीज आपला डोळा करतो. सेकंदाला ६० चित्रं, प्रत्येकाचे १० हप्ते, झाले ६००. वेगाने जाणारा चेंडू प्लाझ्मावर ठळक दिसतो, पण केवळ या आकड्यावरून दोन प्लाझ्मांत डावंउजवं ठरवू नका. कॉन्ट्रास्टचा आकडा तर सोडूनच द्या. तो प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजत असे.

काळा किती काळा आहे हे डोळ्यांनीच बघायचं असतं आणि अंधारातच. प्लाझ्मावर दुकानांनी अन्याय केला असं मला मनापासून वाटतं. दुकानात डोक्यावर पांढरेफेक दिवे, शेजारी रंग भडक केलेला एलसीडी. प्लाझ्माची पुढची काच त्या दिव्यांचंच प्रतिबिंब दाखवायची. शिवाय पडदाभर पांढरं चित्र आलं की प्लाझ्मा वीज आवरण्यासाठी स्वतःच उजेड कमी करतो, त्यामुळे तो मळकट वाटायचा. लोक एलसीडी उचलायचे आणि घरी दिवे मालवले की कोपऱ्यांतून उजेड झिरपायचा. म्हणून शनिवारी त्यांना पडदे ओढून दिवे बंद करायची विनंती करा. चित्राचा मोड ‘सिनेमा’ किंवा त्या जातीचा ठेवा, ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ नको. पूर्ण काळं चित्र लावा आणि डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत थांबा. अगदी हलकी राखाडी झाक बहुतेक प्लाझ्मांत असते, कारण खोली चटकन पेटावी म्हणून ती किंचित चेतवून ठेवलेली असते. ती झाक सिनेमात खुपणार का, हे तुमच्याच डोळ्यांनी ठरेल.

आता झीज. जाताना पेन ड्राइव्हवर सहा चित्रं न्या, प्रत्येक एकाच सपाट रंगाचं: पांढरं, काळं, मध्यम करडं, लाल, हिरवं, निळं. करड्यावर सगळं उघडं पडतं. वाहिनीचं चिन्ह, खालची पट्टी, खेळाच्या गुणांची चौकट. डाग दिसला की लगेच नाही म्हणू नका. वीसेक मिनिटं हलती चित्रं चालू द्या आणि पुन्हा करडं लावा. पुसट झालं असेल तर तो तात्पुरता ठसा होता. जसंच्या तसं राहिलं तर फॉस्फर तिथे कायमचा झिजलाय. लाल, हिरवं, निळं वेगवेगळं बघायचं कारण हेच की तिन्ही सारखे झिजतील असं नाही.

तुम्ही कृष्णधवल सिनेमे बघता म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्या सिनेमांची चौकट ४:३ ची, टीव्ही १६:९ चा. डावीउजवीकडे काळे पट्टे उरतात आणि त्या भागातला फॉस्फर ताजाच राहतो. मी माझा टीव्ही घेतला त्यानंतर चार वर्षं वडील आमच्याकडे होते. ते रोज दुपारी जुने सिनेमे बघायचे, तेही ४:३ मध्येच, कारण ताणलेले चेहरे त्यांना सहन होत नसत. आज माझ्या पडद्यावर करडं चित्र लावलं की दोन्ही कडांना दोन उभे, किंचित उजळ पट्टे दिसतात. मी हे काम करणारा माणूस, मला हे आधी सुचायला हवं होतं. बऱ्याच प्लाझ्मांच्या मेन्यूत बाजूच्या पट्ट्यांना काळ्याऐवजी करडा रंग देण्याची सोय असते. अंधारात ते करडं डोळ्यांत येतं हे खरं, पण झीज सारखी होते. मधूनमधून पडदाभर चित्र असलेलंही काही बघत जा. चित्र एक-दोन बिंदूंनी सरकवत ठेवणारी सोय असेल तर ती कायम चालू ठेवा.

इलेक्ट्रॉनिक्सचं थोडक्यात. त्यांना सांगून ठेवा की मी येईपर्यंत टीव्ही बंद ठेवा, कारण काही दोष गार असतानाच दिसतात. चालू होताना दोन-तीनदा टिकटिक होऊन परत बंद पडतो का, काळ्या भागात लाल किंवा हिरवे ठिपके नाचतात का, ते बघा. असे दोष बहुधा बोर्डातले, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाट्यांतले असतात. जुना बोर्ड मिळाला तर काम होतं, फुगलेले कपॅसिटर तर सहज बदलता येतात. आडवा काळा पट्टा असेल तर बफर बोर्डाची (पडद्याच्या आडव्या ओळी चालवणाऱ्या पाटीची) शक्यता असते, तोही कधी कधी सुटतो. पण वरपासून खालपर्यंत गेलेली एक बारीक उभी रेघ दिसली तर परत फिरा. ती पॅनलला चिकटलेल्या रिबनमधली (पातळ चपट्या केबलमधली) असते आणि माझ्यासारखा माणूस ती सहसा दुरुस्त करू शकत नाही.

पांढऱ्या चित्राला बारीक गुंजारव येतो, तो थोडा असला तर हरकत नाही. आवाज बंद करून, तुम्ही बसणार तेवढ्या अंतरावरून ऐका. उंच डोंगराळ ठिकाणी हवेचा दाब कमी असल्याने हा आवाज वाढतो.

उघडाडोळा म्हणतात ते पॅनलबाबत बरोबर आहे. पण ओएलईडीचे बिंदूही वापरानुसार झिजतात, आणि रोज सहा तास एकच पट्टी तिथेही उमटू शकते. ताई, तुमचा निर्णय माहितीपत्रकावर नाही, आईंच्या वाहिनीवर आहे. बातम्या याच पडद्यावर चालणार असतील तर प्लाझ्मा घेऊ नका. त्यांचा एलसीडी वेगळा राहणार असेल तर अवश्य बघा.

तिसरी घंटा
वरच्या प्रतिसादाला +१. थोडी भर घालते.

‘एचडी’ शब्दावर थांबू नका. कित्येक ४२ इंची प्लाझ्मा १०२४×७६८ चे होते, म्हणजे ७,८६,४३२ बिंदू, तेही आडवे फुगवलेले. फुल एचडीत १९२०×१०८०, म्हणजे २०,७३,६००. मॉडेल क्रमांकावरून खात्री करा. आणि ५० इंचावर हा फरक कळायला साधारण दोन मीटरवर बसावं लागतं. साडेतीन मीटरवर सोफा असेल तर कमी बिंदूंचा पण चांगला काळा देणारा टीव्ही मी आधी घेईन.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. ६० मध्ये तो नीट बसत नाही, एक चित्र दोनदा आणि पुढचं तीनदा दाखवावं लागतं, मग कॅमेरा संथ फिरताना बारीक हिसके जाणवतात. काही चांगले प्लाझ्मा २४ चा संकेत घेऊन ७२ किंवा ९६ वर चालवतात, तेव्हा हालचाल गुळगुळीत दिसते. काहींत फक्त ४८ आहे, त्यात पडदा लुकलुकतो आणि माझं डोकं दुखतं. मेन्यूत बघून ठेवा.

तिन्ही एचडीएमआयमध्ये केबल घालून बघा, एखादं मेलेलं असतं. आतल्या ॲप्सचा विचार सोडा, बाहेरची स्ट्रीमिंग स्टिक (एचडीएमआयला लावायचं छोटं यंत्र) लावा आणि तिचा स्क्रीनसेव्हर लवकर सुरू होईल असं करा. ४के डिस्क प्लेअर लावणार असाल तर तो १०८०पी, म्हणजे फुल एचडी चित्र देतो का ते आधी विचारा, काही यंत्रं जुन्या कॉपी-संरक्षणाच्या टीव्हीला चित्रच देत नाहीत.

काजळरेघ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आले, दीड तास होते.

गार टीव्ही पहिल्या झटक्यात चालू झाला. उभी रेघ नाही, ठिपके नाहीत. सर्व्हिस मेन्यू (दुरुस्तीवाल्यांसाठीचा आतला मेन्यू) त्यांच्या मुलाने उघडून दाखवला, टीव्ही आजवर ९,४०० तास चाललाय. करड्या चित्रावर उजव्या वरच्या कोपऱ्यात एका वाहिनीचं चिन्ह अंधूक दिसलं. पंचवीस मिनिटांनी पुन्हा पाहिलं, होतं तसंच. निळ्यावर दिसत नाही, हिरव्यावर दिसतं. मग मी सोबत नेलेल्या सिनेमातला धुक्याचा प्रसंग लावला. कुठे आहे ते माहीत असूनही सापडलं नाही. पांढऱ्यावर गुणगुण येते, पण अडीच मीटरवर ऐकू आली नाही.

दिवे घालवल्यावर काळं चित्र लावलं तेव्हा त्यांच्या घरातले सगळेच गप्प झाले. कडा कुठे संपते ते नीट कळत नव्हतं. ते म्हणाले, इतक्या वर्षांत आम्ही कधी अंधारात पाहिलाच नाही.

आईशी बोलले. एलसीडी तिच्या खोलीत जाईल. तिला तेच हवं होतं, बोलली नव्हती इतकंच. टीव्ही घेतेय. पुढच्या आठवड्यात आणायचा, गाडीत आडवा ठेवला तर बसतो.

दुरुस्तीवाला
आडवा अजिबात नको! उभाच आणा, भले मोठी गाडी करावी लागली तरी चालेल. आत काचेचे मोठे पातळ पत्रे आहेत. आडवा ठेवला की मधला भाग आधाराविना राहतो आणि गाडी खड्ड्यात आदळली की काच तडकते. दोन माणसं लागतील, दोघांनी खालच्या कडेला आणि बाजूंना धरायचं, पडद्यावर तळवा टेकवायचा नाही. पुढून मऊ गोधडी, तिच्यावर जाड पुठ्ठा, आणि पट्टा फक्त चौकटीवर आवळा. स्टँड काढून आणा, पण त्याचे स्क्रू एका पिशवीत घालून टीव्हीच्या पाठीला चिकटवा, ते हमखास हरवतात.

भिंतीवर लावणार असाल तर ब्रॅकेट वजन बघून घ्या. मागे आणि वर वीतभर मोकळी जागा हवी, हा टीव्ही चांगलाच तापतो. पाठीवर लिहिलेले वॉट कमाल असतात, रात्रीच्या काळ्या सिनेमाला त्यापेक्षा पुष्कळ कमी लागतात.

बाहेर थंडी किंवा दमट हवा असेल तर आणल्यावर दोन-तीन तास तसाच राहू द्या, आत दव धरलेलं असू शकतं. चालू केल्यावर आधी बाजूच्या पट्ट्यांचा रंग बदला. माझ्याकडून ते राहून गेलं होतं.