चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा पैसा महापालिका नेमका कुठे घालते?

पायी_पुणेकर: पुण्याचा सायकल आराखडा मंजूर झाला डिसेंबर 2017 ला, कागदावर 824 किलोमीटरचं जाळं. त्याआधी जेएनएनयूआरएमच्या, म्हणजे केंद्राच्या शहरविकास योजनेच्या पैशातून बीआरटीबरोबर (बससाठी राखीव मार्गिका) सातारा रोड, सोलापूर रोडला ट्रॅक झालेच होते. त्यातला कुठलाही एक ट्रॅक धरा आणि न उतरता टोकापर्यंत जाऊन दाखवा, मधेच बसस्टॉप, मधेच विजेचा डीपी बॉक्स, पुढे पार्क केलेल्या गाड्या. माझं मत, नवीन ट्रॅकला आत्ता एक रुपयासुद्धा देऊ नका, आधी आहे ते सलग करा.

दुचाकीवाला_कात्रज: मुळात सायकल चालवतंय कोण? 2017-18 ला पेडल, ओफो, मोबाईक, युलू सगळ्यांच्या भाड्याच्या सायकली आल्या, थोड्याच काळात बहुतेकांनी गाशा गुंडाळला. तेच पैसे पीएमपीच्या बसला द्या ना.

पायी_पुणेकर: बसने जाणारा स्टॉपपर्यंत चालतच जातो की! माझ्या आईचे गुडघे दुखतात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी फुटपाथ एवढा उंच की तिला चढताच येत नाही, म्हणून ती रस्त्यावरून चालते आणि मागून रिक्षावाले हॉर्न मारतात. आयआरसीचा (इंडियन रोड्स काँग्रेस) नियम आहे, कर्ब म्हणजे फुटपाथची कड 150 मिलिमीटरच्या वर नको, चालायला 1.8 मीटर मोकळी जागा हवी. हे मोजून मगच ठेकेदाराचं बिल काढा, निम्मे प्रश्न मिटतील.

मुंबईहून_वाचक: पवई तलावाकाठच्या सायकल ट्रॅकचं काय झालं आठवतंय ना? 2022 ला हायकोर्टाने तो बेकायदा ठरवून काढायला लावला. घालायलाही लोकांचा पैसा, उखडायलाही लोकांचाच. रोज कामाला जाणाऱ्याच्या वाटेवर खर्च करायचा सोडून तलावाकाठी फिरायला कशाला?

नवीन_हद्दीतला: पायी_पुणेकर, "आहे ते सलग करा" म्हणजे पैसा परत जुन्या पेठांना आणि डेक्कनलाच ना? जंगली महाराज रोडचा फुटपाथ रुंद झाला, छान झाला, संध्याकाळी म्हातारी माणसं बाकांवर बसलेली दिसतात, त्याला माझा विरोध नाही. पण 2021 ला 23 गावं हद्दीत घेतली, आमच्याकडे सलग करायला आधी फुटपाथ तर पाहिजे! शाळेतली पोरं डंपरच्या शेजारून चिखलातनं जातात. टॅक्स मात्र आम्हीपण भरतो.

पायी_पुणेकर: मान्य, गावांना पहिला हक्क द्या, त्याबद्दल वादच नाही. माझा राग आहे तो फुटपाथचे चांगले गट्टू (सिमेंटचे ब्लॉक) मार्चएंडला उखडून परत नवे बसवण्यावर. पूर्वी नगरसेवकांच्या स यादीतून (त्यांनी आपल्या प्रभागासाठी सुचवलेली कामं) हेच चालायचं, 2022 ला नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आल्यावरही गट्टू काही थांबले नाहीत. तो पैसा वळवा तुमच्याकडे.

नवीन_हद्दीतला: वळवा म्हणून वळत नाही. बजेटमध्येच गावांच्या फुटपाथचं वेगळं हेड (खर्चाचं खातं) पाहिजे आणि ते दुसरीकडे वर्ग करायला बंदी. तेवढं होईपर्यंत तुमच्या सलग ट्रॅकला माझा विरोधच.

दुचाकीवाला_कात्रज: हे पटलं. पण हेड फुटपाथचं, सायकलचं नको.