मदत हवी आहे: अण्णांच्या पेटीला बँड जुळवायचाय

नमस्कार मंडळी. मी सांगलीत रॉक बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. अण्णा जाऊन चार महिने झाले. त्यांच्यासाठी एक रचना बांधतोय: ऑर्गन, गिटार, बास, सात मात्रांचा ठेका. शब्द नकोतच, सुचतही नाहीत.

सुरुवात अण्णांच्या पेटीनं करायचीय. मोबाइलमध्ये चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग आहे, भाता दाबताना त्यांच्या अंगठीचा टक् आवाजही येतो. पण पेटी किंचित चढी बोलते, बँडची वाद्यं ज्या प्रमाण सुराला (440 हर्ट्झ) लावतात, त्याऐवजी साधारण 446 हर्ट्झला. रेकॉर्डिंगचा सूर 440 पर्यंत खाली उतरवून पाहिला, पण मग तो त्यांचा हात वाटत नाही. ते मला जमणार नाही.

मग कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग (सगळे सूर एकदम वर-खाली करायची सेटिंग), गिटार, बास सगळंच 446 ला न्यावं का? कुणी केलंय? आणि मिरजेत त्याच सुराला तंबोरा लावून, रेकॉर्डिंगला बसणारं कुणी माहीत असेल तर कृपया सांगा.