रूट करण्याआधी एडीबी करून बघा

२ जीबी रॅमचा टॅब, कंपनीनं कोंबलेली अ‍ॅप्स, मुलीचा क्लास मध्येच अडकतो; म्हणून कस्टम रॉम (कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी दुसऱ्या कुणी बनवलेली सिस्टिम) टाकावी का, असं विचारलंय तुम्ही. एवढ्यासाठी नको, असं माझं मत.

तुमच्या नेमक्या मॉडेलला लिनेजओएस या कस्टम रॉमची अधिकृत बिल्ड (तयार आवृत्ती) आहे का, ते आधी बघा. नेमक्या म्हणजे नेमक्या, वायफायवाला आणि सिमवाला यांतही फरक असतो. स्वस्त टॅबना ती बहुधा नसतेच. मग कुणीतरी नेटवर चढवलेली रॉमची झिप फाइल उरते, तिच्यात कॅमेरा तरी रुसतो नाहीतर ब्लूटूथ. मी एकदा भावंड-मॉडेलची फाइल टाकली आणि दोन रात्री नुसता लोगो बघत बसलो. तो टॅब आता कपाटावर पडलाय.

शिवाय रॉम टाकायला बूटलोडर (टॅब सुरू होताना सिस्टिम चढवणारा प्रोग्रॅम) अनलॉक करावा लागतो आणि तो केला की सगळा डेटा पुसला जातो, बँकेची अ‍ॅप्स कुरकुरतात. वाइडवाइन (व्हिडिओची चोरी रोखणारी यंत्रणा) एल१ या वरच्या पातळीवरून एल३ वर घसरलं तर नेटफ्लिक्सही एचडीत दिसत नाही.

त्यापेक्षा सेटिंग्जमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डीबगिंग चालू करा आणि कॉम्प्युटरवरून एडीबीनं (अँड्रॉइडला कॉम्प्युटरवरून हुकूम देणारं टूल) नको ती अ‍ॅप्स 'युजर ०' म्हणजे टॅबच्या मुख्य वापरकर्त्यापुरती काढा. रूट, म्हणजे सिस्टिमवरचा पूर्ण ताबा, लागत नाही. चुकलंच तर फॅक्टरी रीसेटनं ती परत येतात (सिस्टिम यूआयला, म्हणजे पडद्यावरची पट्टी-बटणं दाखवणाऱ्या भागाला, मात्र हात लावू नका बुवा!). स्टोरेज फारसं सुटणार नाही, पण रॅमवरचा भार कमी होतो.

मॉडेल नंबर टाका, काय काय काढता येईल ते बघून सांगतो.