जिवंत कोळंबी: बबलरइतकेच पाण्याकडेही लक्ष हवे

कयाकवरच्या, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या होडीवरच्या, बादलीत मासेमारीसाठी आमिष म्हणून ठेवलेली जिवंत कोळंबी मरू लागली तर अधिक ताकदीचा बबलर (पाण्यात हवा सोडणारा छोटा पंप) घ्यावा, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. हवा हवीच, परंतु समुद्राच्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ७.४ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना जेमतेम ६.२, आणि आपल्याकडे मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या बादलीतले पाणी याहूनही तापते. शिवाय कोळंबीच्या कल्ल्यांवाटे बाहेर पडून साचणारा अमोनिया बबलरने फारसा कमी होत नाही. म्हणून बादली आसनामागे सावलीत ठेवून वर ओले गोणपाट टाकावे आणि थोडे थोडे पाणी सतत बदलत राहावे. बर्फ घालायचा तर तो बंद बाटलीतच, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन कोळंबीला मारक ठरते.

मनोरी किंवा वसईच्या खाडीत पकडलेले आमिष बाहेर समुद्रात नेताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. पावसाळ्यानंतर खाडीच्या आतल्या भागातील पाणी बरेच कमी खारट असते. अशा वेळी सगळे पाणी एकदम बदलले, तर कोळंबीचे काचेसारखे अंग दुधाळ पडू लागते आणि तशी कोळंबी गळावर फार काळ तग धरत नाही.